दाल्वाचं निशाण

“कोण आलंय?” अनिझियोनं दाराला तोंड लावून विचारलं.

बाहेर ढोल थांबले. घोट्यांना बांधलेले खुळखुळे थांबले. उत्तर आलं नाही.

असं कधी झालं नव्हतं. मिनास प्रांतातल्या या गावात रोझरी माउलीच्या सणाला ढोलांचा ताफा चर्चच्या पायऱ्यांवर येतो तेव्हा दार बंद असतं. आतून विचारायचं, बाहेरून उत्तर द्यायचं, मग दार उघडायचं. विचारायचं काम अनिझियोचं. झाडलोट, घंटा, मेणबत्त्या सगळं त्याच्याकडे, म्हणून अडसरही त्याच्याकडे. उत्तर द्यायचं ते निशाण धरणाऱ्यानं. एकतीस वर्षं ते त्याच्या बायकोनं, दाल्वानं धरलं. “माउलीची काळी माणसं!” असं ती ओरडायची की आतली कबुतरं उडायची. मग हा दार उघडायचा आणि आत येता येता ती याला कोपरानं ढोसायची.

मार्चमध्ये दाल्वा गेली.

निशाण घरातच राहतं. घरातलं कुणी धरलं नाही तर ते दुसऱ्या घरी जातं आणि परत येत नाही. मूलबाळ नव्हतं. उरला अनिझियो. सकाळीच दाल्वाचा धाकटा भाऊ बेलार्मिनो निशाण घेऊन चर्चमध्ये आला होता. ताफ्याचा कप्तान तो.

“दाजी, धरताय, की पलीकडच्या आळीत देऊन टाकू?”

“मला आत काम असतं.”

“अडसर काढायचं? ते आमची शेळीपण करील.”

“अरे, पण मी कुठं तुमच्यातला? मी सावळा. दालचिनीच्या रंगाचा.”

बेलार्मिनो पोट धरून हसला. “दालचिनी! ताई म्हणायची तेच खरं. या माणसाला आरशाचं वावडं आहे.” हसता हसता त्यानं डोळे पुसले. निशाण दाराजवळच्या बाकाला टेकवलं. “आम्ही येईपर्यंत ठरवा,” म्हणाला आणि गेला.

लहानपणी अनिझियोची आई रोज सकाळी त्याचं नाक चिमटीत धरून ओढायची. सरळ व्हावं म्हणून. “तू सावळा आहेस. काळा म्हणालं कुणी, तर मला येऊन सांग.” आई वाईट नव्हती. तिची आजी मळेवाल्यानं विकत घेतलेली होती. काळं असण्याची काय किंमत पडते ते तिला ठाऊक होतं. पोराला त्यातून सोडवायचं, एवढंच तिला सुचलं. अनिझियोचे केस पिकले तरी तो सावळाच राहिला.

दाल्वा यावर भांडायची नाही, गोष्ट सांगायची. माउलीची मूर्ती समुद्रात दिसली, तेव्हा मालक लोक बँड घेऊन गेले. ती जागची हलली नाही. मग गुलाम आपले ढोल घेऊन गेले. ती पाण्यातून आली आणि ढोलावर बसली. “तिला आपली लाज वाटली नाही,” दाल्वा म्हणायची. “तुम्हाला कसली वाटते?”

“मी तिची सेवा आतून करतो,” अनिझियो म्हणायचा.

“कोण आलंय?” त्यानं दुसऱ्यांदा विचारलं.

बाहेर कुणीतरी खोकलं, तेवढंच. तिसऱ्यांदाही उत्तर मिळालं नाही तर ताफा माघारी फिरतो, असा नियम. आणि उत्तर येणार कुठून? निशाण आत होतं, त्याच्या शेजारी.

वेदीपाशी फादर जुरांदिर ताटकळत होते. बाहिया प्रांताकडचे, तरुण, नवीनच आलेले. इतका काळा पाद्री या चर्चनं पाहिला नव्हता. इतका देखणाही नाही, असं बायका म्हणायच्या.

“काय झालं हो?”

“उत्तर द्यायला कुणी नाही, फादर.”

“मग आता?”

अनिझियोनं निशाण उचललं. हात घसरू नये म्हणून दाल्वानं काठीला आपल्या जुन्या फ्रॉकची चिंधी गुंडाळली होती. पिवळी, बारीक फुलांची. त्यानं ती घट्ट धरली.

“फादर, जरा दाराशी थांबता? कोण आलंय, एवढंच विचारायचं.”

तो बाजूच्या दारानं बाहेर पडला आणि भिंतीला वळसा घालून पायऱ्यांपुढे आला. ऊन डोळ्यांवर आलं. ताफा बाजूला सरला आणि त्याला वाट मिळाली. अनिझियोनं दाराकडे पाहिलं. हे दार इतकं मोठं आहे, हे त्याला आतून कधी कळलं नव्हतं.

“कोण आलंय?” आतून फादरांचा आवाज आला.

अनिझियोनं निशाण उंच केलं.

“माउलीची काळी माणसं!”

आवाज चिरका निघाला. मागून बेलार्मिनो म्हणाला, “दाजी, माउली म्हातारी झालीय. जरा मोठ्यानं!” ताफ्यात हशा पिकला. अनिझियोही हसला. मग छाती भरून श्वास घेतला आणि गल्लीच्या टोकापर्यंत जाईल असा ओरडला.

“माउलीची काळी माणसं! माझ्यासकट!”

आत अडसर खाली पडल्याचा आवाज झाला. दार उघडलं. फादर उंबऱ्यात उभे होते. त्यांनी ढोलांकडे पाहिलं, निशाणाकडे पाहिलं, अनिझियोकडे पाहिलं. आत या, असं काही ते म्हणाले नाहीत. पांढरा झगा दोन्ही हातांनी वर धरून तेच पायऱ्या उतरले आणि अनिझियोच्या शेजारी येऊन उभे राहिले.

“मग मी एकटा आत काय करत होतो?” फादर म्हणाले.