दुसरं पान

जुने जर्मन बिल्ले जमवायच्या नादात मुकुंदानं नागपुरातल्या माजी सैनिकांची घरं पालथी घातली होती. महाल भागातल्या पंचफुलाबाईंकडे तो पोचला, तो नेमका पितृपक्षात. नवऱ्याच्या पानाशेजारी त्यांनी दुसरं पान वाढलं होतं, आणि त्याच्यापुढं नाझी बिल्ला! मुकुंदाचे हात शिवशिवले.

"आजी, हे देवाचं स्वस्तिक नव्हे. हिटलरच्या माणसाचा बिल्ला आहे हा."

"माहीत हाये गा. माह्या मालकानं इटलीत त्याले मारलं, न् हा काढून आणला. त्याच्या देशात कुठं पित्तरं जेवू घालतेत? मंग मीच वाढतो त्याले."

मुकुंदा तसाच घरी परतला, जेवायला बसला. कपाटातले सगळे बिल्ले त्याच्या ताटाकडे पाहत होते.