शून्य सीडर

शून्य. क्रेनवाल्याने स्क्रीनवरचं पान मिटलं, पुन्हा उघडलं. शून्यच. जणू कुणी खिळा मारून तो आकडा तिथे ठोकला होता.

शेजारी मेव्हणा लॅपटॉपमध्ये नाक खुपसून बसला होता. "दाजी, सीडर शून्य म्हणजे मेलं ते. टॉरेंटचं काही दुकान नसतं. ज्यांनी फाइल नेली त्यांनी ती आपल्या कॉम्प्युटरवर चालू ठेवायची, तरच दुसऱ्याला मिळते. असा देणारा तो सीडर. एकही उरला नाही की खेळ खलास."

"अरे, पण शेकड्यांनी नेली होती!"

"नेली आणि शिव्या देऊन फेकली. तुम्ही कामच तसं केलं होतं."

काम तसंच होतं, खोटं कशाला बोला. क्रेनवाल्याची बायको घोरायची. घोरायची म्हणजे कशी? फळीवरचे डबे बोटबोट पुढे सरकायचे. शेजारचा कुत्रा उठून उत्तर द्यायचा. खालच्या मजल्यावरची बाई एकदा भूकंप समजून पोरांना काखोटीला मारून रस्त्यावर पळाली होती. आणि सकाळी बायकोला विचारावं तर, "मी? माझा तर डोळाच लागला नाही!" शेवटी त्याने पुरावा म्हणून ते घोरणं चांगलं दोन तास रेकॉर्ड केलं. ऐकून ती म्हणाली, "ही तुमची क्रेन आहे."

मग त्याला खोडी सुचली. त्या रेकॉर्डिंगला नव्या सिनेमाचं नाव दिलं आणि टॉरेंटची यादी ठेवणाऱ्या एका पब्लिक ट्रॅकरवर सोडून दिलं. तिथे ना दार, ना दारवान. कुणीही यावं, काहीही न्यावं. लोकांनी दिवे मालवून, पाय पसरून सिनेमा लावला, तर पडद्यावर काळोख आणि आत घुर्रर्र! फाइलच्या पानाखाली शिव्यांचा पाऊस पडला. एकेक शिवी मोठ्याने वाचून बायको पोट धरून हसली होती.

ती गेली त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून तेच घोरणं उशाशी लावून तो झोपत होता. गेल्या आठवड्यात ते साठवलेली डिस्क हातातून सुटली, फरशीवर आपटली आणि कायमची गप्प झाली. त्या दिवसापासून डोळ्याला डोळा नाही. पंखा लावून पाहिला, मिक्सर लावून पाहिला. गोळ्या घेतल्या तर झोप आली नाही, जमीन तेवढी डुलायला लागली. आणि काल भर दुपारी, उंच क्रेनच्या काचेच्या खोलीत, क्षणभर त्याची मान पडली. लोखंडी तुळया खालच्या माणसांच्या डोक्यावरून झोका घेऊन गेल्या. नशीब, कुणाला लागलं नाही. मुकादमाने त्याला खाली उतरवलं आणि म्हणाला, "झोप काढून ये. नाहीतर येऊच नकोस. उद्या कुणाच्या तरी लेकराचा बाप मारशील."

"तुझ्या त्या प्रायव्हेट ट्रॅकरमध्ये बघ ना रे," क्रेनवाला म्हणाला. त्याचे डोळे पिकलेल्या गळवासारखे लाल झाले होते.

"ते काय रस्त्यावरचं दुकान आहे? आत जायला मुलाखत द्यावी लागते, दाजी. घेतलं तेवढं वाटायचं, नाही वाटलं की मानगूट धरून बाहेर. म्हणून तर तिथे सहसा काही मरत नाही. मी तर दिसेल ते उतरवतो आणि वाटत बसतो. आपली पत राखायची, बस्स. निम्मं तर उघडूनसुद्धा पाहिलेलं नाही."

"म्हणजे न चाखता वाढणारा आचारी."

"हसा. पण तिथे असला कचरा..." मेव्हणा अडखळला. "म्हणजे, ताईचं घोरणं तिथे कुठून येणार?"

क्रेनवाल्याने कीबोर्ड ओढला. त्या जुन्या शिव्यांच्या खाली एका बोटाने लिहिलं: 'खोडी माझी होती. ही माझी बायको आहे. आता ती नाही. कुणाकडे असेल तर चालू करा. मला झोप येत नाही.'

पहिलं उत्तर आलं: 'पुन्हा फसवायला आला बघा.'

दुसरं आलं: 'काका, झोप येत नसेल तर तुमचाच सिनेमा बघा.'

क्रेनवाल्याने कपाळ टेबलावर टेकलं. उन्हं खिडकीतून सरकून भिंतीवर गेली. मेव्हणा चहा ठेवायला उठणार, एवढ्यात तिसरं उत्तर आलं. त्या काळी सगळ्यात घाण शिवी ज्याने दिली होती त्याचंच.

'इथे शोधू नका, इथे कोण कुणाचं जपतंय? प्रायव्हेटमध्ये बघा. कुणीतरी ते "खडकाळ किनाऱ्यावरची गाज, झोपेसाठी" म्हणून टाकलंय. सगळे समुद्रच समजतात. मी मात्र ओळखलं. समुद्राला मध्येच "अगं, कूस बदल" असं कोण म्हणतं? बाकीचे देणारे गळाले, पण एक जण अजून धरून बसलाय. देवमाणूस असणार.'

क्रेनवाल्याने मेव्हण्याचा खांदा असा आवळला की तो कळवळला. मेव्हण्याने प्रायव्हेटचं पान उघडलं. गाज सापडली. सीडर, एक.

"आहे! दाजी, आहे!" मेव्हणा ओरडला. कोण तो देवमाणूस हे बघायला त्याने त्या एकावर बोट दाबलं. चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला.

"काय झालं? बंद केलं का त्याने? गेला का?"

"नाही, चालूच आहे," मेव्हणा पुटपुटला.

"अरे, मग नाव सांग त्याचं! कुठे राहतो? असेल तिथे जातो आणि पाय धरतो त्याचे."

"धरू नका, दाजी," मेव्हणा म्हणाला. "मीच आहे तो."