वाचक एकच

महिनाभर मी ब्लॉगवर कुंड्यांतल्या झाडांबद्दल लिहीत होते आणि तिकडे चिटपाखरूही फिरकत नव्हतं. ऑफिसातली मैत्रीण वैतागून म्हणाली, "अगं, झाडं कसली लिहितेस? स्वतःचं काहीतरी लिही. खरं असलं की लोक वाचतात."

मग एका रविवारी सगळं भडाभडा लिहून टाकलं. आई आता मला ओळखत नाही, एकच प्रश्न वीसदा विचारते, आणि परवा माझा तोल गेला, मी तिच्यावर हात उगारला. नाव अर्थातच कुणाचंच घातलं नाही. आईला गाणी लावून देते त्याच टॅबवर लिहिलं आणि पान तसंच उघडं राहिलं.

आठवड्याभरात त्या लेखाची एकेचाळीस वाचनं! माझे पाय जमिनीवर नव्हते. मैत्रिणीनं मात्र आकड्यांखालचा तपशील उघडून दाखवला. वाचक एकच होता, एकेचाळीस वेळा आलेला.

घरी पोचले तर आई टॅब मांडीवर घेऊन डोळे पुसत बसली होती.

"या, बसा," ती मला म्हणाली. "हे आत्ताच वाचलं मी. किती दमलीय हो ही पोर!"

टॅब काढून घ्यायला मी हात पुढे केला, तशी ती दचकून मागे सरकली. मग जरा सावरून म्हणाली,

 

"तिच्या आईला एकदा भेटून समजावते मी. पत्ता आहे का हो तुमच्याकडे?"