कंपायलरचा निकाल

बदलापूरच्या शाळेत नव्या कॉम्प्युटर लॅबचं उद्घाटन दुसऱ्या दिवसावर आलं होतं. गायकर सरांनी सीडीवरच्या सोर्स कोडवरून कंपायलर, म्हणजे मुलांनी लिहिलेले प्रोग्रॅम मशीनच्या भाषेत उतरवणारं सॉफ्टवेअर, स्वतः बांधला आणि त्याच्यासोबत आलेल्या चाचण्या लावल्या. बहुतेक पास झाल्या, पण मधूनमधून पडद्यावर 'फेल' उमटायला लागलं.

हेडमास्तर दौंडकरांनी कपाळाला हात लावला. "अहो, उद्या पाहुण्यांना हे फेल दाखवणार?"

"सर, चूक कंपायलरची की आपल्या मशीनची, ते एकेक चाचणी उघडून बघायला लागेल. दुरुस्त होईल, फक्त जरा वेळ द्या."

"वेळ कुठाय? फेल होतात त्या चाचण्याच काढून टाका!"

सरांनी आधी साफ नकार दिला, मग नोकरी आठवून मुकाट्यानं त्या काढल्या. उद्घाटनाला सगळा पडदा पास! टाळ्या झाल्या, सरांना शाल-श्रीफळही मिळालं.

पाहुणे गेल्यावर हेडमास्तरांनी सरांच्या खांद्यावर मायेनं हात ठेवला. "असंच सहकार्य दहावीच्या शंभर टक्के निकालालाही हवंय बघा.

"तुमची मुलगी मुक्ता गणितात कच्ची आहे. तिला यंदा आपल्या शाळेतून नको, बाहेरून बसवा."