वाघाटीसाठी तासभर अंधार

रात्रीचे अकरा वाजले तरी उसाच्या फडावर ऊन होतं. तोडणीत सापडलेली वाघाटीची दोन पिल्लं वनरक्षक सुलभा केदारीने टोपलीत घालून बांधावर ठेवली होती. वाघाटी म्हणजे मुठीएवढ्या तोंडाचं, ठिपक्यांचं रानमांजर. ते अंधारातच बाहेर पडतं, आणि पिकांसाठी आकाशात आरसे सोडल्यापासून तालुक्यात अंधार पडलाच नव्हता.

सुलभाने आरसा केंद्राला फोन लावला. "साहेब, तासभर आरसा फिरवा. पिल्लांची आई टेकडीवरच्या कपारींत कुठेतरी ओरडतेय. मी शोधून दमले, सापडत नाही. आणि उजेडात ती मोकळं रान ओलांडायची नाही."

"बाई, या आरशाखाली तीन जिल्ह्यांचं पीक आहे," पलीकडचा माणूस ओशाळून म्हणाला. "तो फिरवणं माझ्या हातात नाही हो."

सुलभा टोपलीपासून लांब जाऊन बसली. वाघाटी एकदा टेकडीवरच्या दगडांतून बाहेर आली, चार पावलं चालली, डोळे मिचकावत थांबली आणि मागे फिरून पुन्हा दिसेनाशी झाली.

पहाटेपर्यंत एक पिल्लू उपाशीपोटी गार पडलं. दुसऱ्याला शर्टाच्या आत छातीशी धरून सुलभा जीपकडे निघाली. टेकडीवरून आई हाका मारत होती, आणि शर्टातलं पिल्लू तिला ओ देत होतं.