सोयीचं कारण

उमादेवीने दिराच्या ताटात भाकरी टाकली आणि पाठ फिरवली. सुनीलकुमारचं तोंड पाहिलं की तिला घास गोड लागत नसे. मागून खाजवण्याचा करकर आवाज आला. हल्ली तो सारखे हातपाय खाजवायचा, पँट कमरेला सुतळीने बांधून हिंडायचा.

"वैनी, जेवण जाईना झालंय," अर्धी भाकरी ठेवून तो उठला.

ढोंगी मेला, ती मनात म्हणाली. त्याचं उष्टं ताट तिने दोन बोटांनी उचललं. आठ महिने झाले, आता तरी हे सोंग पुरे करावं की नाही?

सोंगच होतं ते. तिचा नवरा नागप्पा यकृत निकामी होऊन पडला, तेव्हा धाकट्या भावाने आपल्या यकृताचा तुकडा द्यायचा असं ठरलं. तपासण्या कलबुर्गीला डॉक्टर श्रीनाथांकडे झाल्या. अवयव बसवण्यात त्यांचा हातखंडा, शिवाय स्वादुपिंडाच्या कॅन्सरवर त्यांचं संशोधन चाललेलं. हा रोग फार उशिरा कळतो, लवकर सापडला तर माणूस वाचतो, असा फलकच त्यांच्या दवाखान्यात होता. आठवड्याभराने त्यांनी सगळ्यांना समोर बसवून सांगितलं, की सुनीलकुमारच्या स्वादुपिंडावर डाग आहे, त्याला काही देता येणार नाही. उलट त्यानेच पुढच्या आठवड्यात दाखवायला यावं.

दुसरा देणारा मिळाला नाही. दोन महिन्यांत नागप्पा गेला. मुडबीत मातीला आलेली माणसं सुनीलकुमारचेच हात धरून हळहळली. बिचारा द्यायला तयार होता, पण त्याचंच नशीब फुटकं. शेजारच्या भागम्माने तर त्याला बळेबळे दूध पाजलं.

तिसऱ्या दिवशी तोच उमादेवीच्या पायाशी बसून रडला.

"मला भ्या वाटलं, वैनी. मी डॉक्टरला गुपचूप सांगितलं, मला द्यायचं न्हाई म्हणून. ते म्हणले, घाबरू नको, घरच्यांना सोयीचं कारण सांगू, आम्ही तसंच करतो."

त्या दिवसापासून तिला त्याची किळस येऊ लागली. त्याने हात लावलेल्या तांब्यातलं पाणी ती पीत नसे. पण गावात कुणाला सांगणार? मोठ्या डॉक्टरच्या शब्दापुढे तिचं कोण ऐकणार? पुढे दवाखान्यातून सुनीलकुमारच्या नावाने पत्रं येऊ लागली. खोटं झाकायला आणखी खोटे कागद! दोन पाकिटं तिने न उघडताच चुलीत घातली. परवा तिसरं आलं तेव्हा मात्र तिचं डोकं फिरलं. आज त्याचं जेवण उरकताच ते पिशवीत टाकून तिने कलबुर्गीची बस धरली.

डॉक्टरांनी बसायला सांगितलं, ती बसली नाही.

"माझा माणूस गेला, अन् त्या भित्र्याला गाव अजून गोंजारायलंय. तुम्ही खोटं कामून सांगितलात? मुडबीला येऊन खरं काय ते सांगा."

डॉक्टर मूळचे याच मुलखातल्या करजगीचे. त्यांनी शांतपणे समजावलं, की मनात नसलेल्या माणसाचं यकृत काढून घेता येत नाही, आणि घरात त्याची छी-थू होऊ नये म्हणून तब्येतीचं काहीतरी कारण पुढे करतात. सगळीकडे हीच पद्धत आहे. त्यांच्या आवाजात लाज नव्हती, आणि त्याचीच तिला शिसारी आली.

"म्हणजे कबूल हाय तुम्हाला."

"त्यानं नकार दिला, व्हय. कारण सांगतो असं मी म्हणालो, तेही खरं. पण तो आहे कुठं? मी तीनदा फोन केला. हसून म्हणाला, पुरे आता डॉक्टर, सगळ्यांना पटलंय. शेवटी पत्रं पाठवली."

तिने पिशवीतून पाकीट काढून टेबलावर आपटलं. डॉक्टरांनी ते उलटसुलट करून पाहिलं. चिकटवलेली कड तशीच होती.

त्यांनी पाकीट तसंच खाली ठेवलं.

"अक्का," ते म्हणाले, "पोटाच्या तपासणीचा रिपोर्ट त्याच्या नकारानंतर दोन दिवसांनी आला. मला कारण शोधावंच लागलं नाही. डाग तेव्हा ज्वारीच्या दाण्याएवढा होता, सहज निघाला असता."

उमादेवी खुर्चीवर बसली. डॉक्टरांनी पाकिटावरची तारीख पाहिली.

"हे तिसरं. आधीची दोन तरी त्याला मिळाली ना?"