सायकलस्वार म्हातारी

करणीबिरणीवर सास्तुरात आता कुणाचाच विश्वास उरलेला नाही. इरम्माचाही नव्हता; सून भुवनेश्वरी हॉलंडहून परतून चिंध्यांची तोरणं शिवायला बसेपर्यंत. टोपी घातलेली बदकं, छत्री धरलेले मासे, इथवर इरम्मानं सोसलं. आज मात्र शिलाई मशीनवर सायकलस्वार कापडी म्हातारी बसली होती. अंगावर इरम्माच्याच जुन्या इरकलीचा तुकडा आणि गुडघ्यात टाचण्या! करणीला माणसाच्या अंगावरचं कापड लागतं, असं शेजारची कडूबाई सांगून गेलीच होती. शिवाय इरम्माचा गुडघा आठवडाभर ठणकत होता. "ही कोण गं?" "तुमीच की, आत्या! तिकडं तुमच्या वयाच्या बाया सायकलीवर बाजाराला जात्यात." "आन् टाचण्या?" "पाय शिवायचा राहिलाय." असल्या गोड बोलण्याला इरम्मा भुलणार नव्हती. सून चहा टाकायला वळताच तिनं सगळ्या टाचण्या उपसल्या. बाहुलीचा पाय गळून पडला. इरम्माचा गुडघा ठणकतच राहिला.